उच्चा

जूनचा तिसरा आठवडा. बालवाडीचं नवं वर्ष सुरू होऊन आठच दिवस झाले होते, नव्या मुलांचं रडणं अजून ओसरलं नव्हतं. वडाळ्याला अँटॉप हिलच्या बाजूला दहा बाय बाराची भाड्याची खोली, बाहेर धो धो पाऊस, आत चोवीस मुलं. त्यांतला एक साडेतीन वर्षांचा मुलगा माझ्यापाशी आला आणि माझी ओढणी ओढत म्हणाला, "उच्चा." मी दुसऱ्या एकीचं नाक पुसत होते. त्याने पुन्हा ओढणी ओढली. "उच्चा, उच्चा." मला वाटलं, बोबडं बोलतोय, "उचल" म्हणतोय. घरची आठवण आली असेल, कडेवर यायचं असेल. मी त्याला उचललं, पाठीवर थोपटलं. त्याने पाय झाडले, अंग ताठ केलं, भोकाड पसरलं, आणि मग माझ्या कमरेवरून ऊन ऊन ओल खाली उतरली.

त्याला शू लागली होती.

दुपारी मुलं गेल्यावर गल्लीच्या तोंडाशी इडलीचा डबा घेऊन बसणाऱ्या अक्कांना मी हे सांगितलं. त्या तिरुनेलवेलीकडच्या, पण चाळीस वर्षं मुंबईत. त्या म्हणाल्या, "टीचर, उच्चा म्हणजे शू. आमच्यात पण तेच, तेलुगूवाल्यांच्यात पण तेच." कानडी घरांतली लहान मुलंही 'उच्चे' म्हणतात, हे मला पुढे कळलं. म्हणजे या शहरात रोज बोलल्या जाणाऱ्या तीन भाषांतला, मुलांच्या तोंडी अगदी सुरुवातीला येणारा शब्द, आणि अकरा वर्षं बालवाडी चालवून मला तो ठाऊक नव्हता. त्या अकरा वर्षांत तमिळ मुलं माझ्याकडे आली नव्हती असं नाही. ती गुपचूप चड्डी ओली करून बसली असणार, आणि मी त्यांच्या आयांना सांगितलं असणार, "अजून सवय नाहीये त्याला." त्या रात्री मला नीट झोप लागली नाही.

या मुलाचे आईवडील तेलंगणातल्या महबूबनगरकडून आले होते, जवळच चाललेल्या एका टॉवरच्या कामावर. त्या मुलखाला पालमूर म्हणतात, आणि तिथली माणसं पिढ्यानपिढ्या बांधकामाच्या मजुरीसाठी देशभर फिरतात. मुंबईला ती परकी नाहीत. कामाठीपुऱ्याला त्याचं नाव मिळालं ते तेलंगणाच्या बाजूने आलेल्या कामाठी मजुरांवरून. ज्या लोकांच्या घामावर हे शहर इतकी वर्षं उभं राहत आलं, त्यांच्यातल्या एका लेकराला शू लागलीय हे शहरातल्या बालवाडीच्या बाईला समजू नये, ही माझ्या एकटीची चूक आहे असं मी समजत नाही. पण माझी चूक होतीच.

दुसऱ्या दिवशी मी एक वही घातली. शंभर पानी, निळ्या पुठ्ठ्याची. प्रत्येक मुलाला एक पान. पानावर सात शब्द: आई, पाणी, भूक, शू, शी, दुखतंय, भीती वाटते. मूल सोडायला जो कोणी येईल, आई, आजी, मोठी बहीण, त्याला विचारायचं की हे तुमच्या घरी कसं म्हणतात. आया आधी बुजल्या. त्यांना वाटलं, टीचर परीक्षा घेतेय. एक जण तर म्हणाली, "नहीं नहीं टीचर, हम घर में अच्छा हिंदी बोलते हैं," आणि तिची पोरगी शेजारून मोठ्याने म्हणाली, "माई, भूख लागल बा." मग सगळ्याच हसल्या, आणि वही भरायला लागली. पाण्याचं तण्णी झालं, नीळ्ळू झालं. भुकेचं आकली झालं, पसी झालं. आईची तर किती रूपं, अम्मा, अम्मी, माई, मम्मी, आणि एका कोळी घरातली आये. तेलुगू मुलाच्या पानावर भीतीसमोर त्याच्या आईने सांगितलं, "भयम." तो शब्द लिहिताना माझा हात क्षणभर थांबला. तो तर आमचाच शब्द होता. तो मुलगा पहिल्या दिवसापासून वर्गाच्या दारात "भयम, भयम" म्हणून रडत होता आणि मी त्याला "काय म्हणतोय कुणास ठाऊक" म्हणत होते.

माझ्या आधीच्या समजुतीबद्दल सांगायला हवं. मला कुणी विचारलं असतं तर मी छातीठोकपणे म्हटलं असतं, "माझ्या वर्गात सगळी मुलं सारखी. मी कुणात भेद करत नाही." आणि ते खरंही होतं. कुणाची जात मी विचारली नाही, कुणाचा धर्म विचारला नाही, डब्यात काय आणलंय यावरून कुणाला वेगळं बसवलं नाही. सगळ्यांना एकच गाणं, एकच गोष्ट, एकच सूचना, मराठीतून. पण ज्या घरात मराठी बोललं जातं त्या मुलाला ती सूचना ऐकता क्षणी कळायची, आणि बाकीच्यांना ती दुसऱ्यांकडे बघून, अंदाजाने, उशिराने कळायची. मी एकच माप सगळ्यांना लावत होते आणि ते माप माझ्या स्वतःच्या घरून आणलेलं होतं. समता म्हणजे सगळ्यांना सारखं वागवणं, एवढं सोपं मी ते धरून चालले होते. भेद न करण्याच्या नावाखाली मी मुलांची घरंच विचारायची सोडून दिली होती.

याची सगळ्यात मोठी किंमत एका मुलीने मोजली.

ती त्याच वर्षी आली होती, चार वर्षांची. घर बिहारकडचं, वडील जरीकामाच्या कारखान्यात. अतिशय शांत. पुढच्या रांगेत बसायची, टक लावून माझ्या तोंडाकडे बघायची. हातवाऱ्यांची गाणी चालू असली की सगळे हातवारे करायची, फक्त बाकीच्यांपेक्षा अर्धा ठेका मागे. बोलायची मात्र नाही. मी मनाशी म्हटलं, मराठी नवीन आहे, ऐकतेय, येईल हळूहळू. मी तिच्या अम्मीलाही तसंच सांगितलं, आणि त्या बिचारीने मान डोलावली, कारण टीचरला जास्त कळतं. वहीतलं तिचं पान मी तिच्या अम्मीकडून भरून घेतलं होतं. पण ते शब्द तिच्या तोंडून कधी आले नाहीत, हे मला खटकायला हवं होतं.

नोव्हेंबरात एके सकाळी लाईट गेली. आमच्या खोलीला एकच खिडकी, तीही समोरच्या भिंतीला नाक लावून उभी. दार पावसाळ्यात फुगलेलं, ते अर्धंच उघडायचं. आत एकदम काळोख. मुलांना अशा वेळी गंमत वाटते, ती ओरडतात, आणि मग मी गाणं सुरू करते, आवाजाला आवाज लागला की मुलं बसून राहतात. त्या दिवशीही मी गाणं सुरू केलं. तेवीस मुलं गायला लागली, आणि ही एकटी किंचाळत सुटली. मी तिचं नाव घेऊन हाका मारत होते, "आहे हं मी, इथेच आहे," आणि ती माझ्यापासून दोन हातांवर भिंत चाचपत होती. मावशींनी मोबाईलची बॅटरी लावली. माझा चेहरा दिसला तशी ती थांबली. एकदम थांबली, जणू कुणी कळ दाबली.

तिचं सगळं जग चेहऱ्यांवर चालत होतं. काळोखात चेहरे गेले, आणि तिच्यापाशी काहीच उरलं नाही.

मी तिच्या पाठीमागे जाऊन टाळी वाजवली. मग ताटलीवर चमचा आपटला. ती मणी ओवत राहिली.

आधी महापालिकेच्या रुग्णालयात, मग वांद्र्याला कमी ऐकू येणाऱ्यांसाठीच्या अली यावर जंग संस्थेत खेपा झाल्या. मुलाला झोपवून करतात ती बेरा तपासणी झाली. दोन्ही कानांनी फार कमी ऐकू येत होतं. ऐकून भाषा येण्याची पहिली चार-पाच वर्षं किती मोलाची असतात हे आम्हाला प्रशिक्षणात शिकवलेलं असतं, मी ते परीक्षेत लिहिलेलंही आहे. त्यातले पाच महिने माझ्या वर्गात, माझ्या डोळ्यांसमोर गेले, आणि मी तिला शहाणी म्हणत होते. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने अपंगत्वाचे २१ प्रकार मानले आहेत, आधीच्या १९९५च्या कायद्यात ते सातच होते. यादी लांब झाली हे चांगलंच झालं. पण चार वर्षांच्या मुलीचं नाव त्या यादीपर्यंत पोचतं ते कुणीतरी तिच्या पाठीमागे टाळी वाजवल्यावर.

त्या दोघांकडे एकत्र बघितलं की मला आजही कसंतरी होतं. एकाला सगळं ऐकू येत होतं, बोलताही येत होतं, आणि मी त्याला अडाणी धरलं. दुसरीला ऐकू येत नव्हतं आणि मी ते भाषेच्या खात्यावर टाकून मोकळी झाले. दोन्ही वेळा मला त्यांच्या घरची माहिती नव्हती. तिच्या अम्मीला मी जूनमध्येच "घरी तुमच्या भाषेत तरी बोलते का?" एवढा एक प्रश्न विचारला असता तर तिने सांगितलं असतं. ती नंतर म्हणाली, "आपने पूछा नहीं, हमको लगा सब बच्चे देर से बोलते हैं।"

तिचं कानाचं मशीन आल्यावर वर्ग बदलला. मी फळ्याकडे तोंड करून बोलायचं सोडलं. दाराच्या उजेडाकडे तोंड करून उभी राहायला लागले, म्हणजे माझे ओठ दिसावेत. एक वाक्य संपवून थांबायला लागले. मुलं तिच्याशी बोलण्याआधी तिच्या खांद्याला हात लावायला शिकली, हे त्यांना शिकवायला दोन दिवसही लागले नाहीत. मुंबईच्या दमट हवेत मशीन बिघडतं, म्हणून झाकणाच्या डबीत ओल शोषणाऱ्या पुड्या घालून ठेवायची, ती डबी सांभाळायचं काम मुलं आपसांत वाटून घ्यायची आणि त्यासाठी भांडायची. आणि मी सावकाश, समोर बघून बोलायला लागले तर कोणाचं भलं झालं? तेलुगू मुलाचं झालं. माईवाल्या मुलीचं झालं. मराठी घरातल्या एका बुजऱ्या मुलाचंसुद्धा झालं, जो माझ्या आधीच्या वेगात कधी तोंड उघडत नव्हता.

मला अशा वेळी ताराबाई मोडकांची आठवण येते. त्या जन्माने मुंबईच्या, १८९२ सालच्या. भावनगरला बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेकांबरोबर काम करून त्यांनी १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघ काढला, आणि १९४५ मध्ये त्या बोर्डीला गेल्या. तिथे अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. वस्तीतली मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा या बायांनी बालवाडीच उचलून त्यांच्या अंगणात नेली. तीच अंगणवाडी. आज सरकारी पाटीवर हा शब्द वाचताना त्यातलं अंगण कुणाला दिसत नाही, पण ते शाळेचं अंगण नव्हतं, मुलाच्या घराचं होतं. माँटेसरीची महागडी साधनं बाजूला ठेवून त्यांनी चिंचोके, शंख-शिंपले, पानं, खडे हाताशी घेतले. १९५७ मध्ये त्या कोसबाडच्या टेकडीवर गेल्या, वारली मुलांमध्ये, आणि तिथे गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढली. मूल गुरांमागे जातं म्हणून ते शाळेत येत नाही, तर शाळा गुरांमागे गेली. २ ऑक्टोबर १९७५ला देशात एकात्मिक बालविकास योजना ३३ प्रकल्पांनिशी सुरू झाली आणि अंगणवाडी हे नाव गावोगाव पोचलं. नाव पोचलं. त्यामागची चाल, की आधी पाऊल बाईने उचलायचं, मुलाने नाही, ती किती पोचली हे मी माझ्या वर्गावरून सांगते आहे.

माझ्याकडे कुरण नव्हतं, पण एक तक्ता होता. 'आपले घर'. लाल कौलांचं उतरतं छप्पर, दोन खिडक्या, पुढे बाग, झाडाला झोका. वर्षानुवर्षं मी तो भिंतीवर लावून "हे काय? घर!" असं म्हणवून घेत आले. एक दिवस एका मुलाने तक्त्याजवळ जाऊन बोट लावून विचारलं, "टीचर, याची शिडी कुठे आहे?" वस्तीतल्या खोलीवर खोली चढवलेली असते, वरच्या माळ्यावर जायला बाहेरून उभी लोखंडी शिडी असते, आणि हा मुलगा रोज सकाळी तीच शिडी पाठीमागून, तोंड भिंतीकडे करून, एक एक पायरी उतरून माझ्याकडे यायचा. त्याच्या लेखी शिडी नाही तर घर नाही. मी तो तक्ता काढून ठेवला. मुलांना खडू दिले आणि फरशीवर घरं काढायला सांगितली. कुणी शिडी काढली, कुणी निळी ताडपत्री, कुणी गॅलरीत वाळत घातलेले कपडे, एकाने नुसता टीव्ही काढला आणि त्याच्याभोवती सात माणसं. पालमूरच्या पोराने सिमेंटचा मिक्सर काढला. त्याचं घर मिक्सरच्या शेजारी होतं.

पैशांचं आणि कायद्याचं थोडक्यात सांगते, कारण त्यावर चिडून बोलणारे पुष्कळ आहेत. २००९चा शिक्षण हक्क कायदा, म्हणजे आरटीई, ६ ते १४ वयाच्या मुलांचा. तीन ते सहाच्या मुलांसाठी त्यात हक्काची भाषाच नाही, सरकारने सोय 'करावी' एवढंच सुचवलेलं आहे. २०२०चं शैक्षणिक धोरण मात्र ३ ते ८ हा एकच पायाभूत टप्पा मानतं. या कायद्याने गरीब घरांतल्या मुलांसाठी राखलेल्या खासगी शाळांतल्या २५ टक्के जागांसाठी आमच्या आया दरवर्षी सायबर कॅफेत रांगा लावतात, लॉटरीच्या मेसेजची वाट बघत फोन उशाशी घेऊन झोपतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारने नियम बदलून, जवळ सरकारी शाळा असेल तर खासगी शाळेला यातून सूट दिली होती. जुलैमध्ये उच्च न्यायालयाने तो बदल रद्द केला, तेव्हा आमच्या गल्लीत खरोखर पेढे वाटले गेले. कायदा मुलांची किंवा पालकांची मुलाखत घेऊ देत नाही. तरीही लॉटरी लागलेल्या एका आईला एका शाळेच्या ऑफिसात विचारण्यात आलं होतं, "घरी अभ्यास कोण घेणार?" ती चार घरी भांडी घासते. ती मला म्हणाली, "टीचर, मी सांगितलं, तीच मला शिकवंल."

त्या मुलीला प्रवेश मिळाला. दिवाळीच्या सुट्टीत ती मला भेटायला आली, नव्या युनिफॉर्ममध्ये, मुद्दाम दाखवायला घालून. बालवाडीतल्या नव्या मुलांनी तिला विचारलं, "तू कोण?" ती म्हणाली, "मी आरटीई." तिने नाव सांगितलं नाही. वर्गात तिला त्याच शब्दाने उठवत होते, बसवत होते, वेगळी रांग करायला लावत होते. सहा वर्षांच्या मुलीला वाटत होतं, ते आपलं नाव आहे. तिच्या जागेचे पैसे सरकारच्या हिशेबात कुठेतरी असतात, पण तिच्या नावाची जबाबदारी कुणाच्या हिशेबात आहे? मला हे अजून गिळता आलेलं नाही.

२०२५ मध्ये पहिलीपासूनच्या तिसऱ्या भाषेवरून महाराष्ट्र पेटला, जूनच्या शेवटी सरकारने ते निर्णय मागे घेतले. मी मराठीच्या बाजूची आहे, माझा वर्ग मराठीच होता आणि तो मराठी असल्याचा मला अभिमान आहे. पण मी स्वतः पाहिलंय, की ज्या मुलाला शू, भूक आणि भीती आपल्या शब्दांत सांगायची मुभा मिळाली, ते मूल मराठी लवकर बोलायला लागलं, आणि जीव लावून बोललं. आईचा शब्द दाराबाहेर चपलांशेजारी काढून ठेवायला लावला की ते मूल आमच्या भाषेतही मुकं बसतं. महापालिकेच्या शाळा मराठी, हिंदी, उर्दू, गुजराती, तमिळ, तेलुगू, कन्नड आणि इंग्रजी अशा आठ माध्यमांत चालतात. या शहराला हे कधीच माहीत होतं. त्याआधीची तीन वर्षं, जी आमच्यासारख्यांच्या दहा बाय बारात जातात, त्यांच्यापर्यंत ते पोचायचं राहिलं.

पालमूरचा मुलगा मार्चपर्यंत होता. टॉवरचा स्लॅब पुरा झाला आणि मुकादमाने माणसं दुसरीकडे, बहुतेक पनवेलच्या बाजूला, हलवली. जाण्याच्या आदल्या दिवशी त्याची आई सांगायला आली, हे पहिल्यांदाच घडलं, एरवी अशी मुलं एक दिवस नुसती येईनाशी होतात आणि मी हजेरीपटावर त्यांचं नाव कमी करते. मी वहीतलं त्याचं पान फाडून तिला दिलं. नव्या ठिकाणी कुणी टीचर भेटली तर दाखव म्हटलं. मागच्या बाजूला त्याला येणारे मराठी शब्दही लिहिले होते, ते सत्तरच्या वर होते.

त्या दिवशी सुट्टीच्या वेळी मुलं रांगेत उभी होती आणि त्याने माझी ओढणी ओढली. "टीचर, उचल."

मी सवयीने त्याचा हात धरून मोरीकडे वळले. त्याने हात सोडवून घेतला, जोरात मान हलवली. "उच्चा नाय. उचल."

गल्लीच्या टोकाला, छपरांच्या वरून मोनोरेल येत होती. खालून त्याला तिचा नुसता आवाज येत असे. मी त्याला उचलून खांद्यावर घेतलं.